गच्चीवरच्या राखेची निरवानिरव

मी खाली सही करणारा, वय एकाहत्तर, वीजकेंद्राच्या धुरातली धूळ पकडणाऱ्या यंत्रावरचा निवृत्त ऑपरेटर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गच्चीचं दार लावून घेतलं आहे. 'टाइप करून देतो' म्हणणारे बरेच निघाले. त्यांना माझा एवढा पुळका का, ते मला कळतं.

१. राहतं घर मुलीला. खिडकीतून वीजकेंद्र दिसतं म्हणून मी ते हट्टाने घेतलं. पहाटे धुराड्यावरचा धूर गुलाबी होतो, तेव्हा अजूनही पाहत राहतो. खोटं कशाला बोलू, देखणं आहे ते.

२. हत्यारांची पेटी जावयाला. मागे नेलेली पक्कड त्याने आधी परत आणावी. मी विसरलेलो नाही.

३. कपाटातल्या एकतीस बाटल्या मुलीला. दरवर्षी एकाच तारखेला, गच्चीची तीच एक फरशी झाडून भरलेली ही धुराड्याची राख आहे. प्रत्येक बुचावर माझी खूण आहे. कुठे, ते फक्त मुलीला ठाऊक. कोणाला बाटल्या बदलायच्या असतील तर खुशाल बदलाव्यात. वीजकेंद्राच्या नव्या बॉयलरच्या जनसुनावणीत, मी असो वा नसो, मुलीने त्या टेबलावर मांडाव्यात आणि पुढचं कलम मोठ्याने वाचावं.

४. तपासणी नसेल त्या दिवशी वीज वाचवायला धूळ पकडणाऱ्या यंत्राचे दोन कप्पे बंद ठेवायचे, असा साहेबांचा तोंडी हुकूम असे. बंद मी करत असे. बायकोला ते वाळत घातलेल्या कपड्यांवरून कळायचं.

"आज बंद ठेवलंत ना?"

"छे गं, वारा फिरलाय."

ती खोकून खोकून गेली. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, चुलीच्या धुराने. आमच्या घरात चूल कधी नव्हतीच. तेव्हाही मी गप्प बसलो, याची मला लाज वाटते.

५. मुलाला काहीही नाही. तो आज माझ्याच जागेवर काम करतो. "बाबा, त्या बाटल्या टाकून देऊ का?" असं महिन्यात तीनदा विचारतो. त्याला विचारायला कोण लावतं? पण रागाने वगळलेलं नाही. वाटा मिळणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले, आणि मला साक्ष त्याचीच हवी. म्हातारा भ्रमिष्ट झाला होता असं उद्या म्हणतील, त्यांत निदान तो नसावा. तो सही करेल असं वाटत नाही. सहीसाठी जागा सोडली आहे.

ठिकाण: राहत्या घराची गच्ची
तारीख: ९ मार्च, सकाळी अकरा

लिहून ठेवणार: सही

साक्षीदार १: शेजारचे शिंपी. सही.

साक्षीदार २: मुलगा. सही. खाली त्याच्या अक्षरात: "बाबा पूर्ण शुद्धीत आहेत. कालही दोन कप्पे बंद होते. बंद मी केले."