बकरीच्या लढाईचा पिच्चर

बाबा, परवा मोबाइलवर तो पिच्चर सापडला. तुम्ही मला धरमपेठेतल्या टॉकीजला नेलं होतं तो, एका बकरीपायी दोन देशांत लढाई जुंपते तो. मी तिसरीत होते. तुम्ही खऱ्या लढाईवरून पायात छर्रे घेऊन परतला होतात, सैन्य सुटलं होतं, हिंगण्याच्या एका कारखान्यात गेटवर बसत होतात आणि घरात कुणाशी फारसं बोलत नव्हतात. पोस्टरवर बकरीच्या गळ्यात पदकं पाहून मी हट्ट धरला. "लहान पोरायचा असंन," म्हणालात आणि तिकिटं काढलीत.

सुरुवातीला तुम्हीही हसलात. जाडा सेनापती टबात बसून नकाशावर साबणाने रेघा ओढतो आणि बाहेर शिपाई त्याबरहुकूम धावत सुटतात, तेव्हा तुम्ही मांडीवर थाप मारलीत. मला इतका आनंद झाला की मी पडद्याऐवजी तुमच्याकडेच पाहत राहिले. मग लंगरचा, म्हणजे सैन्याच्या भटारखान्याचा, स्वयंपाकी येतो. झारा उगारून बकरीमागे धावतो, धडाम्, धूर, आणि वरून आधी झारा पडतो, मग टोपी, मग एकटा बूट. अख्खी टॉकीज हसते. मीही हसते. पुढच्या रांगेतला एक माणूस शिट्टी मारतो, आणि तुम्ही उठता.

"काहून हसून राहिला बे?" तुम्ही त्याला केसांना धरून मागे ओढलंत. "पिच्चर आहे ना गा," एवढं तो म्हणाला, तोच तुमची मूठ त्याच्या तोंडावर बसली. पुन्हा बसली. त्याचं डोकं खुर्चीच्या लाकडावर आपटत होतं आणि तुम्ही थांबत नव्हतात. माझ्या फ्रॉकवर रक्त उडालं. मग चार-पाच जणांनी तुम्हाला खाली पाडलं आणि नेमक्या दुखऱ्या पायावर लाथा घातल्या. मागच्या रांगांना काही कळलंच नव्हतं. ते पडद्याकडे बघून हसत होते, आणि त्या हसण्याखालून तुमचं कण्हणं मला ऐकू येत होतं.

बाहेर पायऱ्यांवर तुम्ही बसलात. नाकातलं रक्त ओठांवरून हनुवटीपर्यंत आलं होतं. "त्या बुटात पाय होता, बेटा," तुम्ही म्हणालात. मला वाटलं, पिच्चरमधल्या. "आमचा लंगरवाला. सकाळीच मले जास्तीचा पराठा देल्ला होता त्यानं. बूट माह्यासमोर येऊन पडला, अन् मी हसलो. हसूच आलं मले. थांबेचना."

तेवढ्यात तो माणूस बाहेर आला, तोंडावर रुमाल, हातात कमरेचा पट्टा. तुम्ही पायरीला धरून उभे राहिलात, हात खाली सोडलेत. "मार," म्हणालात. पट्टा तुमच्या मानेवर बसला, कातडी सोलून गेला. मी किंचाळले. "आता काहून हात नाही उचलत?" त्याने विचारलं. "तुही काही चूक नव्हती गा," तुम्ही म्हणालात, "लय लागलं का?" तो पट्टा गुंडाळू लागला. मग रक्ताची चूळ थुंकला, तुमच्या काखेत हात घातला आणि तुम्हाला रिक्षापर्यंत नेऊन बसवलं.

आपला उरलेला अर्धा पिच्चर मी परवा पाहिला, बाबा. शेवटी स्वयंपाक्याची आई छावणीत येते आणि मुलगा मागते. सेनापती तिला बकरी देतो. ती मुकाट्याने बकरी ओढत निघून जाते आणि शिपाई माना खाली घालतात. पिच्चर तुमच्याच बाजूचा होता. कुणी सांगितलंच नाही तुम्हाला.

त्यानंतर तुम्ही माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाही. तरी तुम्ही हात वर केलात, दिव्याचं बटण दाबायला का असेना, की मी मान आत ओढायची. ते तुम्हाला दिसायचं. पुढे पुढे तुम्ही मलाच म्हणायचात, "लाइट लाव वं बेटा." हा कागद घडी करून कपाटात कपड्यांखाली जाईल, आईलाही वाचून दाखवणार नाही. तुम्ही गेलात त्या सकाळी मी रडले, पण ते नंतर. आधी माझे खांदे सैल झाले होते.