बाबांना डोंगर नाकारलास तेव्हा

सूनबाई,

माझं सकाळचं मौन अजून सुटलेलं नाही आणि रात्रपाळी करून आलेल्या तुला उठवायचंही नाही, म्हणून लिहून ठेवते.

काल डोंगरावर निघालेल्या साठीपुढच्या मंडळींना तू तपासत होतीस, तेव्हा मी दाराशीच बसले होते. "घरचीच डॉक्टर आहे, माझ्या दाखल्यावर सही होऊन जाईल," असं बाबा मित्रांना ऐटीत सांगत होते. तू त्यांना जिना चढायला लावलंस. परत आले तेव्हा त्यांना धड बोलता येईना. तू छाती दोनदा तपासलीस आणि नाही म्हणालीस.

"घरची असून काय उपयोग?" असं ते सगळ्यांदेखत म्हणाले, तरी तुझा आवाज चढला नाही. "घरची आहे म्हणूनच दोनदा ऐकलं, बाबा," एवढंच बोललीस. आज देवापुढे दिवा लावताना आधी तुझंच नाव मनात आलं.

काल ते जेवले नाहीत, पण आज आपणहून तयार झाले. तू सांगितलेल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे आम्ही निघालोय. इतक्यात फोन करू नकोस, रुसवा अजून गेलेला नाही. तुझं जेवण झाकून ठेवलंय.

डोंगरात घालायचे नवे बूट त्यांनी पिशवीत घेतलेत. डॉक्टरांना दाखवणार म्हणे.

आई