निर्जळी मंगळवार

॥ श्री ॥
बंगळूर, ८ नोव्हेंबर १९६७

ती. शालूताईस कृष्णकांतचा सा. न. वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

काल मला एका लांब हाताच्या यंत्राच्या टोकाशी बसवून गरगर फिरवलं. लढाऊ विमान झपकन वळलं की आम्हा वैमानिकांचं वजन पाचपट होतं, रक्त डोक्यातून पायांकडे उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ते थोपवायला पाय-पोट आवळणारी हवेची विजार देतात, शिवाय अंग घट्ट करून श्वास दाबायला शिकवतात. मी सगळं केलं, तरी सगळ्यांच्या आधी मान टाकली. पुन्हा तसं झालं तर लढाऊ विमान सुटलं, मालवाहू विमानावर पाठवणी.

पुढची परीक्षा २१ तारखेला, म्हणजे पुन्हा मंगळवारीच. मी पासष्टच्या लढाईतून सुखरूप यावं म्हणून आईने महालक्ष्मीला माझ्या निर्जळी मंगळवारांचा नवस बोलला, तो मी आजवर पाळलाय. डॉक्टरांनी सकाळी काय खाल्लं विचारलं, तेव्हा इडली म्हणून ठोकून दिलं. उपास मोडला आणि उद्या मला काही झालं, तर आई जन्मभर स्वतःला दोष देईल. काय करू ते कळव.

मोठ्यांना नमस्कार, तुझा राग-लोभ दोन्ही असू दे.
तुझा कृष्णा

॥ श्री ॥
चिंचणी, १४ नोव्हेंबर १९६७

चि. कृष्णकांतास शालूताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. शत्रूपुढे वाघ आणि आईपुढे शेळी, म्हणून मलाच धीर करावा लागला.

आधी ती रडली. मग माझ्यावरच डाफरली, की पोराच्या अंगावर चार माणसांचा भार पडतो आणि त्याला घोटभर पाणी नाय? चिकूच्या पाट्या तशाच टाकून एस.टी.ने विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळात गेली. देवीला म्हणाली, की नवस मी बोलली, पोर नाय. आजपासून त्याचा मंगळवार मी धरते. तुला निरोप आहे की पोटभर जेव, पाणी पी आणि डॉक्टरांशी खोटं बोलू नकोस.

तिलाही हल्ली चक्कर येते, पण ऐकेल ती आई कसली!

जपून राहा, हा जीव तुझ्यापाशी आहे.
शालूताई

॥ श्री ॥
बंगळूर, २२ नोव्हेंबर १९६७

ती. ताईस सा. न. वि. वि.

पास झालो! डॉक्टरांना खरं सांगितलं. ते आधी चिडले, मग समोर उभं राहून पाणी पाजलं. यंत्र फिरताना सगळं करडं झालं, पण समोरचे दिवे शेवटपर्यंत दिसत होते.

आता आईला उपास सोडायला सांग. माझी शपथ घाल.

दोघींनी लोभ ठेवावा, आणि जेवावंही.
कृष्णा

॥ श्री ॥
चिंचणी, २६ नोव्हेंबर १९६७

चि. कृष्णास आशीर्वाद.

पत्र काल पोचलं. आईने गूळ वाटला. शपथ घातली, पण ती काही बधली नाही. तूच रजा काढून ये आणि समजाव.

मंगळवारचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुपारी वाडीत तिला भोवळ आली. मी तांब्या घेऊन धावले, तर विहिरीला टेकून बसलेली, पोटाला पदर करकचून आवळलेला, मांड्या घट्ट, श्वास दाबलेला. सगळं तुझ्या पत्रातलं. पाणी पुढे केलं तर मानेनेच नको म्हणाली. मग श्वास सोडून म्हणाली, की आता तो फिरत असेल, तो खाली उतरला की मग बघू.

येताना कळव, तोवर आमचा जीव सांभाळून ठेव.
शालूताई