माझा तोटा माझाच

प्रिय खारूताई,

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "आजी, मीटिंग आहे, ठेवते," की झालं. कागदाला मीटिंग नसते, म्हणून कागद घेतला. माझी शाळा तिसरीत सुटली, तेव्हा काना-मात्रा इकडेतिकडे झाली तर चालवून घे. तशी मी मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो काय, तुझ्या आजोबांपेक्षा कमीच कुरकुरतो. आणि हो, आता मला पेपरातलं शेअर बाजाराचं पान वाचता येतं, एकेक अक्षर लावून. लाल म्हणजे पडला, हिरवा म्हणजे चढला. एवढं कळल्यावर मला इतका आनंद झाला, की शेजारच्या कंपाउंडरला हाक मारून वाचून दाखवलं. तर तो मेला म्हणतो, "आजी, आनंद कसला करताय? सगळं लालच आहे!"

पण सध्या डोकं फिरलंय ते तुझ्या बाबामुळे. रोज संध्याकाळी कामावरून आला की बूटसुद्धा न काढता माझ्यासमोर बसतो, खिशातून पेन काढतो आणि तोच कागद पुढे सरकवतो. माझे उरलेले शेअर विकायचे आणि सगळं पुन्हा बँकेत टाकायचं. सोमवारपर्यंत सही हवीय म्हणे त्याला. "आई, या वयात नसते उद्योग कशाला? बँकेत पैसा सुखानं झोपतो तरी." मी म्हटलं, झोपतो खरा, पण उठतो तेव्हा वाळून काटकी झालेला असतो. मागच्या ठेवीची मुदत संपली तेव्हा काय झालं? ठेवताना त्या पैशात शिलाईचं नवं मशीन आलं असतं. व्याजासकट हातात आले तेव्हा जुनंसुद्धा येईना. हे त्याला सांगितलं, तर म्हणतो, "तुला कुणी शिकवलं हे?" जसं काही मला स्वतःहून काही कळूच शकत नाही!

अगं, एकतीस वर्षं काज-बटणं केली मी त्या कारखान्यात. सुई टोचली तर बोट आधी तोंडात घालायचं, कापडावर डाग पडला तर पगार कापायचे. त्या बटणांचे पैसे आहेत ते. म्हणून तर सगळे बाजारात टाकले नाहीत. दुखण्याखुपण्याचं बँकेत, ते हलवायचं नाही. उरलेलं अर्धं बाजारात. तू "थोडंच टाक" म्हणत होतीस, अर्धं मी म्हटलं. आणि शेअरचं खातं उघडताना तू भरून घेतलेला तो फॉर्म मला आठवतो. तू मांडी घालून बसलीस आणि वाचलंस, "तुमचे पैसे पाचवा हिस्सा कमी झाले, तर तुम्ही काय कराल?" खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. अख्ख्या जन्मात मला कुणी विचारलं नव्हतं, की बाई, तू काय करशील. लग्न ठरलं तेव्हा नाही, आधीचं घर विकलं तेव्हाही नाही. मी म्हटलं, थांबेन. उसवलं म्हणून कुणी कपडा फेकून देतं का? तू दोनदा विचारलंस, "नक्की ना?" मी दोन्ही वेळा तेच म्हटलं.

मग पडला तो बाजार. पाचव्या हिश्श्याहून जास्तच पडला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, दोन दिवस जेवण गेलं नाही. पण तिसऱ्या दिवशी जेवले. तू मात्र तेव्हापासून घरी पाऊल टाकलं नाहीस. तीन महिने! आणि फोनवर काय, तर "आजी, वर आलेत तुझे. थोडे विकले, फायदा खात्यात टाकलाय." मी खूश! बाबाला टोमणासुद्धा मारला. पण कंपाउंडर रोज वाचतो ते लालच. मग माझेच तेवढे हिरवे कसे?

परवा पासबुक घेऊन बँकेत गेले. कॅशियरला म्हटलं, बाबा रे, हे पैसे कुठून आले ते वाच. त्यानं तुझं नाव वाचलं. तिन्ही महिन्यांत तुझंच. आणि काल तुझी आई सहज बोलून गेली, की तू स्कूटर विकलीस आणि दोन बस बदलून कामाला जातेस. एवढा राग आला मला तुझा! बाबा मला अडाणी समजतो, पण तोंडावर तरी म्हणतो. तू लाडानं समजलीस. मी फसले नव्हते गं, माझ्या मनानं उडी घेतली होती आणि आपटले होते. ते आपटणंही तू मला ठेवलं नाहीस. आज सकाळी ते सगळे पैसे तुझ्या खात्यावर परत पाठवले, हे सांगायला हे पत्र. स्कूटर परत घे. सोमवारी बाबाच्या कागदावर मी सही करणार नाही. शेअर आहेत तिथे राहतील, बुडाले तर माझे बुडतील. तुझ्यावर मी एका पैशाचाही ठपका ठेवलेला नाही, मग तोंड कसलं लपवतेस? रविवारी ये. आधी भांडू, मग जेवू.

तुझीच, रागावलेली,
आजी