जाळ दिसत नसताना

पेण,
१७ एप्रिल २०२५

चि. महिपतीस,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण बाजारात जाऊन येते. तुझ्या बायजाने शेजारच्या कान्हूच्या हाती पाठवलेले वाल पोचले. निवडलेले नव्हते, तिला सांग. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड.

तुझी सुरभी माझ्याकडे आली त्याला वर्ष होईल. तू विचारत नाहीस, तरी कळवते. तब्येत चांगली आहे. भांडीही घासते, वादही घालते.

रोह्याच्या एका कंपनीत आगसुरक्षेच्या कामासाठी मुली घेणार होते. परीक्षा तोंडी आणि इंग्रजीत. कधीकाळी मी अलिबागला इंग्रजी घेऊन बी. ए. झाले, ते अखेर कुणाच्या तरी कामी आलं. रोज संध्याकाळी तिला समोर बसवायची. अलार्म, व्हॉल्व्ह, होज हे तिने पटापट उचललं. अडली ती स्मोल्डर या शब्दापाशी. अर्थ तोंडपाठ होता: ज्वाळा न दिसता आतल्या आत जळत राहणे. वापरायला सांगितलं की गाडी घसरायची.

"द गॅस इज स्मोल्डरिंग."

"निळी ज्योत दिसतेय ना? मग कसा?"

"बरं, देवापुढचा दिवा?"

"त्यालाही ज्योत आहे."

"मग तूच, आत्या. सकाळपासून धुमसतेस."

मी हसू दाबलं. पण तिने ते पाहिलं.

शेवटी मी म्हटलं, "पुस्तक मीट. असं जळताना तू स्वतः कुठे पाहिलंस ते सांग." तिने पुस्तक मिटलं. मग एकदम घरच्या बोलीत म्हणाली, "राब, गो आत्ये! आपला राब!"

मग बोलतच सुटली. पेरणीआधी भाताच्या रोपांच्या तुकड्यावर शेण, पाला, काटक्या पसरायच्या, वर माती टाकायची, पेटवायचं. जाळ लवकर बसतो आणि वरून सगळी राखच दिसते. तेव्हा तू दोन्ही पोरांना बांधावर उभं करायचास. "बाबा ओरडायचे, जाळ नाय दिसत, पन आत हाय! सकालपर्यंत पाय टाकायचा नाय!" तू राखेवर हाताची उलटी बाजू धरून धग बघायचास, तेही तिने माझ्या टेबलावर करून दाखवलं. थेट तुझ्यासारखा हात, करंगळी वर.

परवा परीक्षा झाली. मी सोबत गेले होते. कंपनीच्या आवारात पत्र्याच्या पिंपात जुनी गोणपाटं पेटवली, त्यावर फवारा मारला, जाळ गेला. साहेब एकेकीला विचारत होते, आग विझली का? आधीच्या मुली हो म्हणून बाजूला झाल्या. आपली पुढे गेली, पिंपावर उलटा हात धरला आणि खणखणीत म्हणाली, "नो सर. इट इज स्मोल्डरिंग. डोन्ट गो निअर."

साहेबांनी गजाने गोणपाट उलटलं. आत लाल निखारा. ते हसले, त्यांना ठाऊकच होतं. म्हणाले, "कुठल्या क्लासला शिकलीस?"

"माय फादर्स फील्ड, सर. निडी."

आत्या म्हणाली असती तर मला राग आला नसता. पण तिने आपल्या निडी गावाचं नाव घेतलं. तिथल्या तिथे निवड झाली. कुणाचं कौतुक करायची मला सवय नाही, तुला माहीत आहे. काल मात्र पेणच्या बाजारात ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं. माझी भाची, माझ्या महिपतीची मुलगी.

इथेच पत्र संपवणार होते. सुशीलचं नाव घ्यायचं नाही असं ठरवूनच बसले होते. पण त्याला वगळून तिचं काही सांगता येत नाही.

त्या दिवशी त्याच्या कंपनीच्या गोदामातही जाळ दिसत नव्हता. विझली, विझली म्हणत माणसं बाहेर आली आणि आपला सुशील सामान काढायला आत गेला. दारात अडवणारं कुणी नव्हतं. तू तिला म्हणालास, एक पोर कंपनीने नेलं, दुसरं देणार नाही. गेलीस तर परत येऊ नकोस. महिपती, तिला ते दारातलंच काम हवं आहे. भाऊ आत जाताना "थांब" म्हणणारं माणूस व्हायचं आहे. हे तिने मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारायचं धाडस मला झालं नाही.

भीती सोड असं मी म्हणत नाही. मलाही वाटते.

सोमवारी, २८ तारखेला, ती रुजू होते. सकाळच्या गाडीने जाईल. परीक्षेला जाताना नागोठणं सुटल्यापासून ती खिडकीला चिकटून होती. निडीला गाडी थांबली तेव्हा तिने फलाट या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. मग पलीकडचा आपला काळा तुकडा बघून म्हणाली, "आत्या, बाबांनी राब भाजलाय." रोह्यापर्यंत खिडकी सोडली नाही.

मी तुला लिहिते आहे हे तिला माहीत नाही.

सोमवारी फलाटावर उभा राहा. बोलायला जमलं नाही तरी चालेल, गाडी तेवढी थांबतही नाही. नुसता हात वर कर. तुझा हात ती लांबूनही ओळखेल.

तिची आत्या, म्हणूनच आज एवढं लिहिणारी,
तुझी अक्का
इंदुमती