अर्धं राहिलेलं टोपरं

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड

ताई,
तुला आणि भाऊजींना धाकट्या हंसाचा वाकून नमस्कार.

अक्षर बघून दचकू नकोस. मी सांगतेय आणि आमचा अभिनव लिहितोय. तब्येत छान आहे, फक्त उजवं मनगट धरलंय. फोनवर रडू आलं असतं, म्हणून पत्र.

परवा नातवाचं बारसं झालं. टोपरं मात्र विकतचं घातलं गं. आपल्याकडे असं पहिल्यांदाच झालं. माझं विणणं अर्ध्यावरच राहिलं. ओळ पुरी केल्याशिवाय उठायचं नाही, हे आईनेच शिकवलेलं. एक ओळ झाली की मी लगेच दुसरी धरायचे. मान खाली, कोपर अधांतरी. डॉक्टर म्हणाले, मध्येच सुई ठेवायची, बोटं मोकळी करायची, कोपराखाली उशी घ्यायची. एवढंच तर करायचं होतं! आधी कळलं असतं तर बाळाच्या डोक्यावर माझं टोपरं असतं.

तुझा अंगठा अजून ठणकतो का? भाऊजींचा स्वेटर कुठवर आला?

टोपरं पाठव, मी पुरं करते, असं तू म्हणशील. नाही पाठवणार. तूही ओळ संपेपर्यंत उठणार नाहीस.

सही माझ्या हातची आहे. दोन अक्षरांच्या मध्ये थांबलेय. आई असती तर ओरडली असती.

तुझी,
हंसा