बाबांच्या नावापुढे 'निरपत्य'

फिंतास, कुवेत
ऑगस्ट २००२

अण्णाकाका,

नमस्कार लिहीत नाही, कारण तो मनात नाही.

कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी तुम्ही माझी माहिती मागवलीत. मी अफताबशी लग्न केलं म्हणून आधीच्या आवृत्तीत बाबांच्या नावापुढे 'निरपत्य' छापणारे तुम्हीच. त्यानंतर बाबा मरेपर्यंत तुमच्या घरची पायरी चढले नाहीत.

इथे मी एका वृद्ध जर्मन बाईंची नर्स आहे. त्या राजघराण्यातल्या. साध्या इंजिनिअरशी लग्न केलं म्हणून वंशावळीतून त्यांचं नाव काढलं होतं. परवा त्यांच्या भावाचा फोन आला, आता नाव परत घालतो म्हणून. बाईंनी विचारलं, "आणि माझ्या नवऱ्याचं?" फक्त तुझंच, भाऊ म्हणाला. बाईंनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ रडत बसल्या.

मी रडणार नाही. तुम्हीही माहिती मागवताना अफताबला वगळलंत, वर लिहिता की बुशराचं नाव 'भारती' असं छापू. माझ्या मुलीचं नाव बदलणारे तुम्ही कोण?

आई आता तुमच्याकडे असते; हे पत्र तुम्ही तिला वाचून दाखवाल आणि तिला त्रास होईल, म्हणून टाकत नाही. माहितीही पाठवणार नाही.

काल बुशराला विचारलं, पुस्तकात भारती म्हणून यायचंय का.

"हू इज दॅट?" ती म्हणाली.

आपल्यात अशी कोणी नाही, मी सांगितलं.

तुमच्या लेखी नसलेली,
विशाखा